डावरा तेवीस

प्रदर्शनात मी भांडले, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी नोकरीला ठाण्यात, राहायला डोंबिवलीत आईबाबांकडेच. टेंभी नाक्याच्या अलीकडे एका वाचनालयाच्या हॉलमध्ये छंदवाल्यांचं प्रदर्शन भरलेलं. जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, काडेपेट्यांचे छाप, असलं सगळं. जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून मी सहज डोकावले. नाण्यांपाशी गर्दी होती म्हणून उलट्या बाजूने सुरुवात केली, तर कोपऱ्यातल्या टेबलावर बबलगमबरोबर मिळायची ती क्रिकेटची कार्डं मांडलेली. मागे पिवळा रंग, वर काळ्यात खेळाडूचा फोटो, खाली नाव आणि नंबर. शाळेत असताना मी या कार्डांसाठी जीव टाकायचे. मला बघताक्षणी इतका आनंद झाला की विचारू नका.

मग मधोमध, प्लॅस्टिकच्या पाकिटात एकटंच ठेवलेलं कार्ड दिसलं. खाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती : ‘नंबर २३. फोटो उलटा छापलेला. अतिशय दुर्मीळ.’

माझं डोकंच फिरलं.

“दुर्मीळ? डोंबलाचं दुर्मीळ!” मी म्हटलं, आणि चांगलं मोठ्याने म्हटलं. “आमच्या एका गल्लीत पाच होते. लोकांना काय वाट्टेल ते सांगता का?”

नाण्यांपाशी उभे असलेले लोक वळून बघायला लागले. टेबलामागे पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक लाल, एक निळं. त्यांना राग यायला हवा होता. ते उलट उठून उभे राहिले, पिशवीतून एक लांबट वही काढली, तिची पानं उलटली आणि अगदी आशेने मला विचारलं, “कुठली गल्ली गो बाय?”

आता त्या कार्डाचं नाव काढलं की माझा पारा का चढायचा, ते सांगायला हवं.

माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये मशीनमन होते. साधं काम नव्हे हो ते. कागद अंगठ्याने नुसता चोळून तो किती जाडीचा आहे हे ते सांगायचे. छापलेलं शीट दोन कोपऱ्यांना धरून असं काही झटकायचे की ते हवेत एकदम ताठ उभं राहायचं. मी घरी वर्तमानपत्रावर करून बघायचे, फाटायचं. रंगाला रंग नीट बसलाय की केसभर सरकलाय हे त्यांना भिंग न लावता दिसायचं. कुणाच्या घरी गेलो आणि भिंतीवरचं कॅलेंडर जरा वाकडं असलं तर बाबांना चहा गोड लागायचा नाही. नखांत कायम काळी शाई. मला त्यांचा कोण अभिमान होता.

ही बबलगमची कार्डं बाबांच्याच मशीनवर छापली जायची. प्रेसमध्ये वाया गेलेली, न कापलेली शीटं ते घरी आणायचे आणि माझ्या वह्यांना त्याची कव्हरं घालायचे. एका शीटवर पन्नास खेळाडू, एकेकाचं एकेक चित्र. वर्गातली मुलं माझ्या भूगोलाच्या वहीकडे टक लावून बघायची. मुलींना कार्डांच्या अदलाबदलीत कुणी घ्यायचं नाही, पण मी घुसायचे. वहीचं कव्हर दाखवलं की सगळे गप्प.

गंमत अशी की बाबांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळायचं नाही. मॅच लागली की ते रेडिओ बंद करायला सांगायचे. नंबर तेवीसचा खेळाडू मोठा फलंदाज होता. त्याचं नाव इथे नको, पण तो उजव्या हाताने खेळायचा हे अख्ख्या डोंबिवलीत एकाच माणसाला माहीत नसेल, आणि तो माणूस आमच्या घरात होता.

मी दहावीत असताना एक दिवस बबलगमच्या पाकिटातून तेवीस नंबर निघाला आणि तो फलंदाज चक्क डावखुरा उभा होता. नाव बरोबर, नंबर बरोबर, फोटो मात्र आरशात बघितल्यासारखा. आम्ही त्याला ‘डावरा’ म्हणायला लागलो. गल्लीत दंगा उडाला. डावऱ्यासाठी मुलं दहा-दहा साधी कार्डं द्यायला तयार. मला एक मिळाला, मग आणखी एक. मी नाचत घरी आले आणि बाबांच्या हातात ठेवला.

बाबांनी तो बघितला, उलटा करून परत बघितला, आणि माझ्या हातात देऊन ते हात धुवायला उठले. त्या दिवशी ते जेवायला बसले ते नावाला.

काय घडलं ते बाबांनी आईला सांगितलं, तिच्याकडून मला आठवड्याभरात कळलं. ज्या विभागात फोटोंच्या फिल्म छपाईच्या प्लेटसाठी जुळवतात तिथे कुणीतरी तेवीसची फिल्म उलटी चिकटवली होती. पण छपाई सुरू करण्याआधी पहिल्या शीटवर सही करायची असते ती मशीनमनने. बाबांनी पन्नास नावं वाचली, पन्नास नंबर वाचले, रंग तपासला आणि सही केली. हात कुठला, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. मशीन सुरू झालं. मग चहा आला. कप तोंडाला लावून ते निघणाऱ्या शीटांकडे बघत होते आणि एकदम त्यांना दिसलं की या एका माणसाच्या शर्टाचा खिसा उजवीकडे आहे. स्वतःच्या डाव्या खिशातल्या पेन्सिलीला हात लावून त्यांनी खात्री केली आणि मशीन बंद केलं. चुकीची शीटं बाजूला काढली, त्यावर ‘रद्द’ अशी चिठ्ठी ठेवली, नवीन प्लेट करून घेतली. आणि मग शिस्तीप्रमाणे मशीनवरचा काउंटर शून्यावर आणला, कारण चांगल्या मालाची मोजणी पहिल्यापासून करायची असते.

तिथेच ते फसले. चिठ्ठी कुठे उडाली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी कटिंगवाल्यांनी तो गठ्ठा चांगला समजून कापला आणि माल गेला. बबलगमवाल्यांची तक्रार आली तेव्हा प्रेसच्या शेठने सरळ निकाल लावून टाकला : मशीनमन डुलक्या घेत होता, अर्धा माल उलटा छापला गेला, मग जाग आल्यावर प्लेट बदलली. बाबा म्हणाले, तीनशेच्या आत होती शीटं. शेठ म्हणाला, दाखव. दाखवणार काय? काउंटर तर त्यांनी स्वतःच्या हाताने शून्य केलेला.

बाबांना मशीनवरून काढून कटिंगला बसवलं. अठरा वर्षांच्या मशीनमनला कागद कापायला बसवणं म्हणजे काय, हे प्रेसमधल्या माणसालाच कळेल. नखांतली शाई महिन्याभरात गेली. आई म्हणायची, जाऊ दे ना, पगार तर तोच आहे. बाबा काही बोलायचे नाहीत.

फक्त एकदा बोलले. रविवारी दुपारी जेवताना, मामा आलेला, त्याने विषय काढला. बाबा शांतपणे म्हणाले, “तीनशेच्या आतच होती. चहा अर्धा पण प्यायलो नव्हतो.”

आणि मी उठले. मला वाटलं होतं, बाबा खोटं बोलतायत. अहो, एकूण छापलेल्या तीस हजार शीटांमध्ये तीनशे डावरे, म्हणजे शंभरात एक. ते सगळीकडे वाटले जाणार, ठाण्यापासून कर्जतपर्यंत. मग आमच्या एवढ्याशा गल्लीत पाच कसे आले? गणितात मला चांगले मार्क होते, त्याचा माज होता. मी तोपर्यंत सगळ्यांकडून अदलाबदल करून पाचही डावरे जमवले होते. डब्यातून काढून मी ते बाबांच्या ताटाशेजारी ओळीने मांडले. म्हटलं, “हे बघा. आमच्याच गल्लीत पाच. तीनशेत येणं शक्यच नाही, बाबा.”

मामा हसला. बाबांनी पाचही कार्डांवर नजर फिरवली, “असतील,” म्हणाले, आणि भाताचा घास घेतला. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात एक शब्द निघाला नाही. मी मनात पक्कं करून टाकलं की बाबा झोपले होते आणि ते कबूल करायची त्यांच्यात हिंमत नाही. बाप म्हणून माया होती, पण अभिमान म्हणाल तर तो त्या दिवशी संपला.

म्हणून त्या चिठ्ठीवरचं ‘दुर्मीळ’ वाचून मी उसळले. दुर्मीळ असता तर बाबा खरे ठरले असते ना!

तर, “कुठली गल्ली?” मी सांगितलं. शाळेच्या मागची. गृहस्थांचे डोळे चमकले. “शाळेसमोर स्टेशनरीचं दुकान होतं, तिथून घ्यायचीस बबलगम?” तिथूनच घ्यायचे, आणि पाचही डावरे मीच जमवले होते, हेही सांगितलं. त्यांनी लाल पेन काढलं आणि माझे पाच वहीत टिपले.

“लाल का?” मी अजून भांडायच्याच पवित्र्यात होते.

“कारण तुला माहीत होतं तो वेगळा आहे. तू सांभाळलास, शोधून जमवलास. तुज्याकडचे पाच म्हणजे गल्लीतले पाचच्या पाच. साधे तेवीस किती होते गल्लीत? मोजलेस?”

साधे कोण मोजतं?

“तेच ना,” ते म्हणाले, आणि मला बसायला खुर्ची दिली.

हे काका खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, कोर्टात नोकरीला. मुलगा लहान असताना त्याच्याबरोबर कार्डं जमवायला लागले. मुलाचं वेड सुटलं, यांचं सुटलं नाही. पण त्यांचं जमवणं आमच्यासारखं नव्हतं. कुठलं कार्ड किती दुर्मीळ हे लोक छातीठोकपणे सांगतात ते कशावरून, असा त्यांना प्रश्न पडला, आणि त्याचं उत्तर शोधायला हा माणूस दर रविवारी दहा वर्षं फिरला. ठाणे, कल्याण, डोंबिवली. ‘डावरा आहे का’ असं ते कुणालाच विचारायचे नाहीत. असं विचारलं की ज्याच्याकडे आहे तो हात वर करतो, ज्याच्याकडे नाही तो घरी जातो, आणि आपल्याला वाटतं सगळ्यांकडेच आहे. ते म्हणायचे, जुनी कार्डं असतील तशी काढा, फाटकी असली तरी चालतील. मग त्यातले तेवीस नंबर मोजायचे, साधेही आणि डावरेही. ज्याला फरक माहीत होता त्याची नोंद लाल. ज्याला माहीत नव्हता त्याची निळी. कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली कार्डं, सलूनमधल्या आरशाच्या कडेला खोचलेली, शिवणाच्या डब्यात बटणांखाली राहिलेली, सगळी निळी.

“ज्याला कायच माहीत नाही, त्याचं कार्ड खरं बोलतं,” ते म्हणाले.

मी वही बघायला मागितली. अक्षर काय, मोत्याचे दाणे! निळ्या शाईत साधे तेवीस सातशेच्या घरात. डावरे चार. मी परत वाचलं. चार.

“चार?”

“चार. ठाण्यातला एक, तो पण डोंबिवलीहून राहायला आलेल्या घरातला. कल्याणात शून्य. बाकी तीन तुमच्या त्या शाळेच्या आजूबाजूला.” मग त्यांनी माझ्याकडे जरा मायेने बघितलं. “अगो, एका ठिकाणी जाळं टाकलंस आणि निवट्या मिळाल्या म्हणून काय अख्खी खाडी निवट्यांनी भरली? ते डावरे एका गठ्ठ्यात छापले गेले असणार, एका गठ्ठ्यात कापले, एकाच खोक्यात भरले. खोका गेला तुमच्या शाळेसमोर. म्हणून तुमच्या गल्लीत पाच. आणि बाकी दुनियेत नाहीच.”

मी विचारलं, “अर्धा माल उलटा छापला असता तर?”

“अर्धा?” ते हसायलाच लागले. “मग ह्या सातशेच्या जोडीला सातशे डावरे नसते का दिसले? दिसले चार. शंभरात धड एक पण नाही बाय.”

तीस हजारांत शंभरी एक म्हणजे तीनशे. हे गणित मी दहावीत केलेलं होतं, तेच होतं. तीनशेच्या आत.

ते आपल्याच नादात पुढे म्हणाले, “मी ना, कधी कधी त्या छापणाऱ्या माणसाचा विचार करतो. आपण क्रिकेटवाले, आपल्याला दिसणारच. पण मशीन चालू असताना, पन्नास चेहऱ्यांत एक चेहरा उलटा, आणि हा माणूस दोन-चार मिनिटांत पकडतो. काय नजर असेल! एकदा भेटायला पाहिजे अशा माणसाला.”

मी तिथेच, त्या नाणीवाल्यांच्या देखत, ढसाढसा रडले. ते बिचारे घाबरले. त्यांना वाटलं, ते लाल शाईचं काहीतरी लागलं मला. शेवटी मी सांगितलं की तो माणूस माझे वडील आहेत. त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हात जोडले.

त्या दिवशी ऑफिसात मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी आले तेव्हा बाबा गॅलरीत खुर्चीवर बसून शेंगा सोलत होते. वर्षभरापूर्वीच निवृत्त झालेले, कटिंगवरूनच. मी चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगितलं. वही, लाल शाई, निळी शाई, सातशेतले चार, एकच खोका, शाळेसमोरचं दुकान. मधे मधे बाबा एखादा प्रश्न विचारत होते, अगदी कामातला. “साधे पण मोजले त्यांनी? वा.” “कल्याणला शून्य? हं. बरोबर, तो माल वेगळ्या गाडीने जायचा.” त्या काकांचं त्यांना फार कौतुक वाटलं. दोनदा म्हणाले, पक्का माणूस आहे. रविवारी त्यांना घरी जेवायलाच बोलाव, म्हणाले. बाबा इतकं एका दमात किती वर्षांत बोलले नव्हते.

मला धीर आला. मी म्हटलं, “म्हणजे सिद्ध झालं बाबा. तीनशेच्या आतच होती शीटं. तुम्ही झोपला नव्हतात.”

“अगं, मला काय सांगतेस?” बाबा म्हणाले. “मी तिथंच होतो.”

ते हसून म्हणाले, पण मला हसता येईना. खरंच की. बातमी फक्त मला होती. एका परक्या माणसाने दहा वर्षं दारोदार फिरून जे शोधलं, ते मला चार पावलांवर, याच घरात मिळालं असतं. मी त्यांच्या पायांपाशी जमिनीवर बसले. म्हटलं, “चुकलं माझं. पण तुम्ही तेव्हा काही बोलला का नाहीत? एकाच गठ्ठ्यातली कार्डं एकाच दुकानात गेली असतील, हे तर तुम्हालाही कळलं असणार ना?”

“कळलं होतं.”

“मग?”

बाबांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले.

“तू विचारलं कुठे होतंस?” ते म्हणाले. “तू तर दाखवलं होतंस.”